साबणाच्या जुन्या जाहिराती कशा जमवाव्यात : नागपूरकर नवशिक्यांसाठी

साबणाची जाहिरात हा जुन्या छापील कागदांमधला सगळ्यात सहज हाती लागणारा प्रकार. सनलाइटच्या पेट्या १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या, १८९५ मध्ये लाइफबॉय आला आणि तेव्हापासून साबणवाल्यांनी जाहिरातीचा हात कधी आखडता घेतला नाही. वर्तमानपत्र, मासिक, दिवाळी अंक, पंचांग, सिनेमाची गाण्यांची पुस्तिका, वाण्याने वाटलेले कॅलेंडर, शाळेतला टीपकागद; जिथे कागद तिथे साबण. त्यामुळे सुरुवात स्वस्तात होते आणि दोन महिन्यांत खोके भरते. गोंधळ होतो तो त्यानंतर. कात्रीने नेटक्या कापलेल्या शंभर जाहिराती असतात, पण कुठल्या नियतकालिकाच्या कुठल्या अंकातल्या, हे एकीचेही सांगता येत नाही. अशी जाहिरात म्हणजे नुसते चित्र. पुढच्या बऱ्याचशा सूचना त्या एकाच कारणासाठी आहेत : पानाची ओळख हरवू द्यायची नाही.

आधी कुंपण घाला

'साबणाच्या सगळ्या जाहिराती' असा संग्रह होत नाही, पसारा होतो. एक वाट धरा.

लक्सच्या जाहिराती सगळ्यांनाच हव्या असतात. लक्सची वडी भारतात १९२९ मध्ये आली आणि १९४१ मध्ये लीला चिटणीस तिच्या जाहिरातीत झळकल्या. या जाहिरातींतली पहिली भारतीय तारका म्हणून त्यांचे नाव घेतात. अडचण अशी की इथे तुमची स्पर्धा साबणवेड्यांशी नसून सिनेमावेड्यांशी असते. त्यांचा खिसा मोठा आणि धीर कमी. नवशिक्याने या रांगेत उभे राहू नये.

दुसरी वाट स्वदेशीची. अर्देशिर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण काढला आणि जाहिरातीत तेच ठासून सांगितले. गोदरेजच्या साबणाच्या जाहिरातीत रवींद्रनाथ टागोरांची शिफारस छापलेली आढळते. म्हैसूर संस्थानाचा चंदनाचा साबण आणि कलकत्त्याचा कडुनिंबाचा मार्गो याच ओळीत बसतात. विषय भरगच्च आहे, पण चांगले नमुने १९४७ पूर्वीचे, म्हणून कागद कुरकुरीत आणि मिळणे दुर्मीळ.

आमचे मत विचाराल तर सुरुवात कपड्यांच्या साबणापासून करा. सनलाइट, टाटा ऑइल मिल्सचा ५०१ बार, गोदरेजचा चावी छाप. या जाहिरातींकडे फारसे कोणी वळत नाही, म्हणून त्या स्वस्त मिळतात. आणि बघण्यासारखे त्यांत जास्त असते : बादली, धुण्याचा दगड, वाळत घातलेली धोतरे, पोराच्या सदऱ्याची कॉलर, आणि बहुतेक वेळा किंमत. अंगाच्या साबणाच्या जाहिरातीत चेहरा असतो, कपड्यांच्या साबणाच्या जाहिरातीत घर असते.

कुंपण घालताना एक निर्णय लगेच घ्या. सर्फ १९५९ चा. रिन आणि निरमा १९६९ चे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे साबण नव्हेत, डिटर्जंट आहेत. साबण म्हणजे चरबी किंवा तेल अधिक अल्कली. डिटर्जंट घ्यायचे की नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका.

नागपुरात शोधायचे कुठे

महाल आणि इतवारीतली जुनी घरे नवरात्र ते दिवाळी या काळात झाडली जातात. माळ्यावरचे गठ्ठे तेव्हा खाली येतात आणि दोन-तीन दिवसांत रद्दीच्या दुकानातून मोठ्या गोदामाकडे जातात. म्हणजे शोधायचे आठवडे ठरलेले आहेत. रद्दीवाल्याकडे 'जुन्या जाहिराती आहेत का' असे विचारू नका. जाहिरात ही वेगळी वस्तू आहे हे त्याच्या गावी नसते, आणि कळले की भाव लगेच वेगळा होतो. 'जुनी मासिके, दिवाळी अंक, बांधलेल्या फायली' असे विचारा आणि वजनाच्या भावात घ्या.

बर्डीवर जुनी पुस्तके विकणाऱ्यांकडे तोंडी सांगून उपयोग नाही. चिठ्ठी द्या : कुठली मासिके, कुठल्या सालापर्यंतची. 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही घराघरांत जाणारी मासिके. साबणाच्या जाहिराती त्यांत भरपूर. दिवाळी अंक तर जाहिरातींवरच उभे राहतात, तेव्हा तिथे पूर्ण पानाचे आणि रंगीत नमुने मिळण्याची शक्यता जास्त. नागपूरचा 'हितवाद' १९११ पासूनचा, त्यामुळे स्थानिक दुकानदारांच्या पत्त्यासह छापलेल्या जाहिरातींसाठी त्याचे जुने अंक कुठे दिसले तर सोडू नका.

ज्या जागा कोणाच्या लक्षात येत नाहीत त्या घरातच असतात. लोखंडी ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला कागद, फडताळातल्या फळ्यांवरचा कागद, देवादिकांच्या तसबिरीच्या मागे फळी आणि चित्र यांच्यामध्ये घातलेले पान. तसबिरीमागचे पान बरेचदा अखंड असते, कारण त्याला पन्नास वर्षे ऊन लागलेले नसते. ते काढताना चौकट पालथी ठेवा, मागचे खिळे पक्कडीने सरळ वर ओढा आणि पान फळीला चिकटलेले असेल तर तिथेच थांबा. फळीसकट ठेवलेले पान फाटलेल्या पानापेक्षा बरे.

वाचनालयातल्या फायली फक्त बघायच्या. बघायच्या मात्र जरूर, कारण आपल्याकडच्या सुट्या पानाचा अंक तिथेच ओळखता येतो. आणि विकायला आलेल्या पानावर वाचनालयाचा शिक्का असेल, पण 'रद्द' केल्याची खूण नसेल, तर ते पान कितीही देखणे असले तरी घेऊ नका.

शोधायला निघताना पिशवीत इतके पुरे : ३५ बाय ४५ सेंमीचे दोन जाड पुठ्ठे, त्यांच्यामध्ये कोरे कागद, रुंद नाडी, दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी, लहान टॉर्च. गुंडाळी करून कागद आणू नये. पन्नासच्या दशकातला वर्तमानपत्री कागद गुंडाळला की तडकतो आणि ती रेघ नेमकी चित्रावरून जाते.

पैसे देण्याआधीची तपासणी

भिंग आधी चित्राच्या फिकट भागावर धरा. जुन्या ठोकळ्याच्या छपाईत ठिपके ठरावीक जाळीत बसलेले दिसतात, अक्षरांच्या कडेला शाईची गडद किनार असते आणि पानाच्या मागून बोट फिरवले तर उठाव जाणवतो. ऑफसेटमध्ये, म्हणजे रबरी चादरीवरून कागदावर उतरणाऱ्या छपाईत, उठाव नसतो. रंगीत चित्रात चार रंगांचे ठिपके बारीक फुलांसारखे जुळतात. इंकजेटच्या नकलेत जाळीच नसते, विस्कटलेला फवारा दिसतो. लेझरच्या नकलेत काळ्या भागावर पावडरची तुकतुकी येते. जाळीवर दुसरी जाळी चढून लाटा दिसल्या, तर छापील चित्राचे पुन्हा स्कॅनिंग झालेले आहे, म्हणजे प्रत नवी.

पान पिवळे आहे म्हणून जुने समजू नका. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद सगळीकडे सारखा तपकिरी होतो. खऱ्या जुन्या पानाची कड गडद आणि मध्य फिकट असतो, कारण हवा कडेने शिरते. पिअर्सच्या साबणाचे फुगे उडवणाऱ्या मुलाचे चित्र हे नकलांचे माहेरघर. मूळ चित्र इंग्रज चित्रकार मिले यांचे, १८८६ चे. पण भिंतीवर टांगायच्या नव्या छपाया किती निघाल्या याला गणती नाही.

यूव्ही (अतिनील किरणांची) टॉर्च असेल तर अंधारात पानावर मारा. ३६५ नॅनोमीटरची घ्या. नोटा तपासायची स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ ची असते आणि तिचा जांभळा उजेडच डोळ्यांत भरतो. साधारण १९५० नंतर कागदात चमक आणणारी रसायने पडू लागली. असा कागद निळसर-पांढरा उजळतो. (हीच रसायने धुण्याच्या पावडरीतही असतात, हा आपल्या विषयातला गमतीचा योगायोग.) १९३५ ची म्हणून सांगितलेली जाहिरात टॉर्चखाली लख्ख उजळली, तर पाकीट खिशात ठेवा. उलट मात्र खरे नाही : पान उजळले नाही म्हणून ते जुने ठरत नाही, कारण वर्तमानपत्री कागदात ही रसायने एरवीही नसतात.

शेवटी चारही कोपरे मोजा. साबणाच्या जाहिरातीत खालच्या कोपऱ्यात कूपन असायचे आणि गृहिणी ते कापून पाठवत. कापलेल्या कोपऱ्याचे पान निम्म्याहून कमी किमतीत मागावे.

तारीख काढणे

इथे घाई करू नका. या छंदाचा खरा रस इथेच आहे. सालाचा अंदाज चित्रातल्या साडीवरून किंवा केशरचनेवरून बांधायचा नाही. चित्रकार जुनीच चित्रे पुन्हा वापरत. पुरावा अक्षरांत आणि आकड्यांत असतो.

किंमत आणे-पैत असेल तर पान १ एप्रिल १९५७ च्या आधीचे. जुन्या सवयीने पुढेही काही दिवस आणे छापले गेले, तेवढी सूट ठेवा. 'नवे पैसे' असेल तर १९५७ ते १९६४. वजन तोळे किंवा शेरात असेल तर साधारण साठच्या आधीचे. १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत सक्तीची झाली. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. विक्रेत्यांच्या यादीत मुंबई-मद्रासच्या बरोबरीने लाहोर-कराची असेल तर फाळणीपूर्वीचे असण्याचा संभव दाट.

कंपनीचे नावही बोलते. लिव्हर ब्रदर्स (इंडिया) १९३३ ची. तिचे हिंदुस्थान लिव्हर झाले १९५६ मध्ये. टाटा ऑइल मिल्स १९१७ ची आणि १९९३ मध्ये ती हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली.

नागपूरकरांना एक जादा साधन मिळाले आहे : आपल्या शहराचे राज्य इतक्या वेळा बदलले की पत्त्यावरूनच काळ कळतो. 'नागपूर, सी. पी.' (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) म्हणजे १९५० पूर्वीचे. 'नागपूर, म. प्र.' म्हणजे १९५० ते ऑक्टोबर १९५६. त्यानंतर साडेतीन वर्षे मुंबई राज्य, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र.

हे सगळे एकत्र कसे लावायचे, ते एका पानावर बघू. समजा, मासिकाचे एक सुटे पान आहे. वर-खाली नाव नाही. पुढे कपड्यांच्या साबणाची जाहिरात, तळाला 'लिव्हर ब्रदर्स (इंडिया) लिमिटेड', किंमत आण्यांत. म्हणजे १९३३ ते १९५६. एवढ्यावर भागत नाही, म्हणून पान उलटा. मागे नागपूरच्या एका कापड दुकानाची चौकट आहे, पत्ता 'म. प्र.'. आता उरली १९५० ते १९५६. त्याच दुकानाच्या मजकुरात 'सोमवार दि. १८ फेब्रुवारीपासून सेल'. या सात वर्षांत १८ फेब्रुवारी सोमवारी फक्त एकदाच येतो, १९५२ मध्ये. म्हणजे अंक जानेवारी किंवा फेब्रुवारी १९५२ चा. आता वाचनालयात दोनच महिन्यांच्या अंकांत हे पान शोधायचे. वार जुळवण्याची युक्ती एकटी वापरू नका, कारण तोच वार त्याच तारखेला पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी परत येतो. आधी सालाची मर्यादा, मग वार.

हीच जाहिरात कोणी चौकटीच्या रेघेवर नीट कापून आणली असती, तर सेलची तारीख कचऱ्यात गेली असती. पान नेहमी पूर्ण ठेवावे, चारही समासांसकट, ते यासाठी.

जाहिरातीच्या तळाशी कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत एखादा संकेतांक असतो. तोही उतरवून घ्या. एकाच चित्राच्या मराठी, हिंदी, बंगाली आवृत्त्या निघत, त्या जुळवताना तो कामी येतो.

अंक फोडावा का

अंक पूर्ण असेल, मुखपृष्ठ शाबूत असेल, तर फोडू नये. त्यात पाच जाहिराती असल्या तरी. मुखपृष्ठ गेलेले, पाने गळालेली असतील तरच सुटे पान काढा आणि त्याआधी अंकात उरलेली साल, महिना, पृष्ठ क्रमांक वहीत लिहा.

पिना लावलेला अंक मधल्या पानावर उघडा, पिनेचे वळलेले पाय बोथट पातळ पट्टीने हळूच सरळ करा, मग अंक पालथा करून पिन पाठीकडून बाहेर घ्या. पान धरून ओढले की गंजलेली पिन भोक मोठे करते. शिवलेल्या अंकाचा दोरा मधोमध कापा. गुळगुळीत आर्ट पेपरची पाने ओल लागून एकमेकांना चिकटली असतील तर ती सुटत नाहीत. कागदावरचा लेपच वितळून एक झालेला असतो. वाफ, पाणी, ब्लेड, काहीही करा, छपाई सोलून येते. असा गठ्ठा घेऊच नका.

साफसफाई : जितकी कमी तितकी बरी

रुंद मऊ ब्रशने मधून कडेकडे धूळ झाडा. समासातला मळ पांढऱ्या प्लॅस्टिक खोडरबराचा कीस करून बोटाने गोल फिरवून निघतो. छापील भागावर हे करू नका. पाणी नको, इस्त्री नको. सेलोटेप तर मुळीच नको : काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा डिंक तपकिरी डाग होऊन कागदात कायमचा मुरतो. लॅमिनेशन केलेले पान संग्रहातून गेलेच समजा.

घड्या पडलेले पान सरळ करायचे असेल तर मे महिन्यात हात लावू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की वर्तमानपत्री कागद पापडासारखा मोडतो. जुलै-ऑगस्टपर्यंत थांबा, हवेतल्या ओलीने तंतू आपोआप नरम पडतात. तेव्हा घडी उलगडा, दोन टीपकागदांमध्ये ठेवा, वर १२ मिमीची प्लायची फळी आणि चार-पाच किलो वजन. पहिले दोन दिवस रोज टीपकागद बदला, एकूण आठवडाभर राहू द्या. वजन काढल्यावर पान कोरडे असल्याची खात्री करूनच पाकिटात घाला, नाहीतर बुरशी.

ठेवायचे कसे

नागपुरात कागदाचा सगळ्यात मोठा शत्रू पाऊस नव्हे, कूलर. बाहेर रखरखाट आणि खोलीत ओला वारा; रात्री कूलर चालू, सकाळी बंद. कागद रोज फुगतो आणि रोज आकसतो. कडा वळतात, आर्ट पेपर लाटांसारखा होतो आणि कपाटाच्या बंद कोपऱ्यात बुरशी धरते. संग्रह कूलरच्या खोलीत ठेवू नका. माळ्यावरही नको, स्लॅबखाली मे महिन्यात भट्टी होते. पश्चिमेची भिंतही टाळा. घराच्या आतल्या खोलीतले लोखंडी कपाट, जमिनीपासून वीतभर उंच, हे उत्तम. छोटा आर्द्रतामापक आत ठेवा. काटा ३५ ते ५५ टक्क्यांत राहिला तर निश्चिंत असावे.

पाकिटे पॉलिएस्टरची किंवा पॉलिप्रॉपिलिनची, ७५ ते १०० मायक्रॉनची घ्या. पीव्हीसी नको. त्याला नव्या रेनकोटसारखा वास येतो. शंका असल्यास तांब्याची तार लाल तापवून पाकिटाच्या तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. हे अंगणात करा, धूर वाईट असतो. चिकट पानांचे फोटो अल्बम विसरा.

एका पाकिटात एकच पान. वर्तमानपत्री कागद आणि आर्ट पेपर एकत्र ठेवला की पहिल्यातले आम्ल दुसऱ्यावर तपकिरी सावली पाडते. त्यांच्या पेट्याच वेगळ्या करा.

कसर आणि वाळवी यांच्यासाठी डांबराच्या गोळ्या घालायची आपल्याकडची रीत आहे. ती नको, वाफ माणसालाही बाधते आणि वास कागदाला कायमचा चिकटतो. नवीन आलेला प्रत्येक गठ्ठा संग्रहात मिसळण्याआधी जाड प्लॅस्टिक पिशवीत हवाबंद करून घरच्या फ्रीजरमध्ये (उणे १८ अंश) दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव जमते. वाळवी मात्र भिंतीतून येते, तिला फ्रीजर कामाचा नाही. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा.

वही आणि स्कॅन

वर्तमानपत्री पान आल्या आठवड्यात स्कॅन करा, कारण ते सारखे झिजतच असते. ६०० डीपीआय, टिफ फाइल, पुढची आणि मागची दोन्ही बाजू. पानामागे काळा कागद ठेवा म्हणजे पाठची अक्षरे उमटत नाहीत. कागद ओढून घेणारा स्कॅनर वापरू नका, सपाट काचेचाच घ्या.

क्रमांक पाकिटावर लिहा. पानावर लिहायचाच तर मागच्या समासात, २बी पेन्सिलने, कठीण काचेवर ठेवून. वहीतली नोंद अशी असावी : 'क्र. ४७. कपड्यांचा साबण, पूर्ण पान, मासिक, जाने. किंवा फेब्रु. १९५२ (मागील जाहिरातीतील वारावरून, अंक पाहायचा आहे). १८ × २४ सेंमी. ठोकळ्याची छपाई, काळा व लाल. उजवा खालचा कोपरा दुमडलेला. इतवारी, रद्दी, ऑक्टोबर.' कंसातला भाग सोडू नका. खात्री आणि अंदाज यांची सरमिसळ झाली की पुढच्या माणसाला तुमची वही निरुपयोगी.

शंभर वर्षांपुढची वस्तू, आणि ऐतिहासिक महत्त्वाचा कागद असेल तर पंचाहत्तर वर्षांपुढचाही, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतो. परदेशातल्या संग्राहकाशी अदलाबदल ठरली तर पाकीट पोस्टात टाकण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

पावसाळा उलगडल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या कोरड्या आठवड्यात, प्रत्येक पेटी एकदा उघडा. कडांवर करडी लव, कागदावर खरवडल्यासारखे फिके चट्टे, तळाशी मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे कण, यांपैकी काही दिसले तर ते पाकीट लगेच बाहेर काढा. मग झाडझूड उरका, कारण त्याच आठवड्यात महालातल्या माळ्यांवरून नवे गठ्ठे खाली यायला लागलेले असतात.